चंद्राक्काचं पायताण

बसा, मंडळी, बसा! मागच्या बायांनो, पुढे सरका — खांबाला टेकून झोपायची जागा पुरुषांसाठी राखीव आहे, तुम्हाला ठाऊक आहेच! पेटीवाले, सूर धरून ठेवा. नुसता धरा, माझ्या अंगावर सोडू नका. हं. महादेवा, तू ऐकतोस म्हणून बोलते. हे ऐकतील ती तुझी कृपा.

तर आजच्या कीर्तनाला एक प्रश्न घेऊन आलेय. सोपा आहे. आईबापाचा शेवटचा शब्द पाळावा की नाही?

बघा, सगळ्या माना हलल्या! पाळावा! पाळलाच पाहिजे! त्यांनी आपल्याला बोलायला शिकवलं आणि आपण त्यांचा शेवटचा शब्द मोडायचा? छे छे!

आता दुसरा प्रश्न. शब्द आईच्या तोंडून आला, आवाज आईचा, सही आईची — पण शब्द आईच्या मनातला नसला तर? तर पाळावा?

का हो? माना थांबल्या?

एका आईनं मृत्युपत्र केलं. सगळं लेकाला, लेकीला काही नाही. आई गेली आणि लेक कोर्टात गेली. गाव म्हणालं, "मेलेल्या आईला कोर्टात ओढली! काय ही जात बाईची!" ती लेक चुकली, का बरोबर होती? मी आधी सांगणार नाही. कथा ऐका, मग तुम्हीच सांगा.

मिरजेच्या पुढे, कर्नाटकाच्या अंगाला, हिरेवाडी नावाचं गाव. तिथं चंद्राक्का कागवाडे नावाची बाई होती. बाई कसली — ठाणेदार! उंच, सावळी, हिरवं लुगडं, तोंडात पान. आणि पान स्वतःच्या मळ्यातलं. गावाच्या कडेला तिचा पानमळा होता, तिच्या स्वतःच्या नावावर. नवरा लवकर गेला. पोरं वाढवली ती या मळ्यानं.

पानमळा पाहिलाय का कुणी? एक, दोन... बरं. विडा खाणारे सगळे, मळा पाहिलेले दोघं! शेवगा-पांगाऱ्याची झाडं ओळीनं लावायची आणि त्यांच्यावर नागवेल चढवायची. आत शिरलं की बाहेरचं ऊन बाहेरच राहतं. थंडगार, ओलसर, हिरवा अंधार. देवळाचा गाभारा असतो ना, तस्सा! आणि गाभाऱ्यासारखाच नियम — पायात काही घालून आत जायचं नाही. वेल म्हणजे देवता. चपला बाहेर. चंद्राक्काच्या मळ्याच्या तोंडाशी एक सपाट काळा दगड होता. सगळ्यांची पायताणं त्या दगडापाशी. मालकाची, मजुराची, पाहुण्याची, सगळ्यांची!

नियम सगळ्याच मळ्यांत असतो. पण चंद्राक्कानं त्याच्यापुढे एक पाऊल टाकलं होतं. ती म्हणायची, "पाय मातीला लागले असले तरच बोललेलं खरं. पायताण घालून बोललेलं मी ऐकत न्हाई."

एकदा एक व्यापारी आला. मोठा माणूस, चकचकीत बूट. तसाच घुसला आत आणि लागला भाव सांगायला. चंद्राक्का पानं खुडत राहिली. व्यापारी बोलतोय, ही खुडतेय. शेवटी तो वैतागला.

"आक्का, मी एवढं बोलतोय, तुम्ही हूं का चूं करीना!"

"कोण बोलतंय?" चंद्राक्का म्हणाली. "मला काय ऐकू आलं न्हाई बाबा. बूट काढून ये, मग बघू ऐकू येतंय का!"

गेला की हो बाहेर! बूट काढले, मोज्यांना भोक होतं ते सगळ्या बायांनी पाहिलं, आणि लाजेनं दोन पैसे जास्तीचाच भाव देऊन गेला!

दुसरी गोष्ट तिच्या लेकाची. श्रीशैल त्याचं नाव. लहान असताना त्यानं शेजारच्या परसातली पपई तोडली, खाल्ली आणि म्हणाला, "मी न्हाई." लेकरं आईला अव्वा म्हणायची. अव्वानं मारलं नाही, ओरडली नाही. म्हणाली, "चल मळ्यात. अनवाणी हुबा ऱ्हा. आता सांग." पोरगं उभं राहिलं. पायाच्या बोटांनी माती उकरली. आणि भोकाड पसरलं — "मीच खाल्ली गं अव्वा!" ही पपई ध्यानात ठेवा, मंडळी. पुढे लागणार आहे.

माझी एक तोडकीमोडकी ओवी आहे. मात्रा मोजू नका, भाव घ्या —

पाउल टेकले मातीला । तेव्हा जीभ झाली खरी ।

एवढीच. दुसरी ओळ मागून म्हणेन. आत्ताच म्हटली तर तुम्ही उठून घरी जाल!

श्रीशैलची थोरली बहीण महानंदा. लग्न होऊन अथणीकडे गेली होती. नवरा आजारानं गेला. सासरच्यांनी पहिल्या वर्षी डोळे पुसले, दुसऱ्या वर्षी भांडी मोजली. चंद्राक्का बैलगाडी घेऊन गेली आणि लेकीला म्हणाली — काय म्हणाली असेल? "चल गं माझ्या दुर्दैवी लेकी"? अहो नाही! म्हणाली, "तुला न्यायला आले न्हाई मी. मळ्याला माणूस पायजे, म्हणून आले. येतीस?" असा मान ठेवला! लेक ओझं म्हणून माहेरी आली नाही, कामाला आली.

मग मायलेकींनी वर्षानुवर्षं तो मळा केला. पानवेलीचं एक काम असतं — उतरण म्हणतात. वेल वर वर चढत गेली, बुंध्याशी उघडी पडली, की तिला हळूच खाली उतरवायची, वेटोळं करून मातीत पुरायची आणि शेंडा तेवढा वर ठेवायचा. की पुन्हा जोमानं वाढते. हात हलका लागतो. वेल मोडली की मोडली. चंद्राक्का दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. फक्त महानंदाला.

आणि श्रीशैल? तो शिकला, पुण्याला गेला, इमारती बांधायच्या धंद्यात पडला. वाईट होता का? नाही हो. घाईत होता. आजकाल वाईट माणसं कमीच झालीत — सगळी घाईतली! हिरेवाडीशेजारून मोठा रस्ता जाणार अशी बातमी आली आणि श्रीशैलला मळ्यात वेली दिसेनात, प्लॉट दिसू लागले.

"अव्वा, मळा काढू या. तुला पुण्यात न्हेतो. खुर्चीत बसून ऱ्हा."

"आणि खुर्चीत बसून काय करू?"

"आराम कर की!"

"आराम मेल्यावर हायच. तवा न्हे."

संपला विषय. पण घाईतल्या माणसाचा विषय संपत नाही, मंडळी, तो फक्त दुसऱ्या दारानं येतो. चंद्राक्काचे डोळे अधू झाले. श्रीशैल म्हणाला, पुण्यात चांगला डॉक्टर आहे, मोतीबिंदू काढून आणतो. महानंदाच म्हणाली, "जा अव्वा, मी मळा बघते." म्हातारी गाडीत बसली. काळ्या दगडापाशी घातलेल्या जुन्या वहाणा पायात, मांडीवर पानाचा डबा.

डोळे झाले. महिना गेला. म्हातारी परत येईना.

महानंदा फोन करायची. "अव्वाला दे." — "झोपलीय." दुसऱ्या दिवशी — "अंघोळीला गेलीय." तिसऱ्यांदा — "फिरायला गेलीय." आता बघा! जिनं जन्मात मळा सोडून कुठं पाऊल टाकलं नाही, ती पुण्यात सकाळ-संध्याकाळ फिरायला जात होती म्हणे! बागेत! पांढरे बूट घालून!

आणि तिकडे म्हातारीला काय सांगत होते? "ताईचा फोन न्हाई बघ. मळा नावावर करून दे म्हणत होती, न्हाई म्हटलं तर रुसलीय." रोज. थोडं थोडं. औषधासारखं, जेवणानंतर!

मंडळी, म्हाताऱ्या माणसाला मारायला काठी लागत नाही. "तुझी कुणी आठवण काढत नाही" एवढं म्हणा, पुरतं.

महानंदा मग पुण्याला गेली. भावाच्या सोसायटीच्या दारात पहारेकरी. त्यानं वर फोन लावला आणि म्हणाला, "बाई, साहेब म्हणतात घरात कुणी नाही." महानंदानं वर पाहिलं. सज्जात दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं. अव्वाचं! अजून पाणी ठिबकत होतं त्याचं.

आपण काय केलं असतं? आरडाओरडा. महानंदा कुणाची लेक? पिशवीतून तिनं केळीच्या पानात बांधलेली पानं काढली. मळ्यातली, कवळी. पहारेकऱ्याला म्हणाली, "दादा, घरात कुणी नसलेल्या त्या म्हातारीला एवढी पानं द्या." आणि परतीच्या गाडीला लागली.

ती पानं पोचली की नाही, तिला कधी कळलं नाही.

पुढे एक दिवस श्रीशैलचाच फोन! "ताई, अव्वाला मिरजेच्या दवाखान्यात आणतोय, तिथंच ये." महानंदा धावली. दवाखान्याच्या बाकावर बसली. दुपार झाली. ऊन कललं. कुणी आलं नाही. आणि ती तिथं बसली होती तेव्हा, मंडळी — गाडी गेली होती हिरेवाडीला! सरळ मळ्यात! म्हातारी आपल्या जागेत, आपल्या खुशीनं बोलतेय असं दिसायला हवं ना! सोबत वकील, सोबत डॉक्टर. गावातून चुलत काका बाळगोंडा यांना बोलावलं, साक्षीदार म्हणून. मळ्यात खुर्ची टाकली, म्हातारीला बसवलं, मोबाइलवर चित्रीकरण केलं आणि मृत्युपत्रावर सही घेतली. महानंदा घरी येईस्तोवर गाडीच्या चाकांच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या.

त्यानंतर चंद्राक्का फार जगली नाही. हिरेवाडीला परत आली ती मिटल्या डोळ्यांनीच आली. माती दिली. आणि दिवसकार्य उरकतं न उरकतं तोच श्रीशैलनं सगळ्यांपुढे मृत्युपत्र वाचलं. मळा, घर, सगळं श्रीशैलला. "मुलीला लग्नात यथाशक्ती दिलेले आहे."

महानंदा उठून मळ्यात गेली. बोललं ते गाव!

"आता हक्कसोड करून मोकळी हो. भावानं साडी-चोळी दिली की झालं."

"माहेरच्या जमिनीवर डोळा ठेवणारी बहीण बरी न्हवं, बाई."

ती म्हणाली, "डोळा न्हाई ठेवला. पाठ ठेवलीय. त्या जमिनीत वाकून वाकून बघा कशी झालीय!"

मग बाळगोंडा काका आले. गावातलं वजनदार माणूस, पांढरा पटका. "पोरी, मी होतो तिथं. वहिनींनी आपल्या तोंडानं सांगितलं. आईचा शेवटचा शब्द हाय. मोडू नकोस."

आता महानंदाचं उत्तर ऐका. "काका, आईचा शब्द मी पाळणार. पण आधी मला कळू दे, त्यो आईचा हाय का."

गेली वकिलाकडे. कुमठेकर वकीलबाई म्हणून होत्या, बारीक चणीच्या, चष्मेवाल्या. त्यांनी समजावलं — मृत्युपत्र नसतं तर आईचं दोघां भावंडांत अर्धं अर्धं आलं असतं. मृत्युपत्र आहे, तर ते खरं आहे हे ज्याला मिळणार त्यानं दाखवायचं. आणि ज्याला मिळणार त्यानंच वकील आणला, त्यानंच डॉक्टर आणला, त्यानंच बहिणीला दूर ठेवलं — हे कोर्टाच्या डोळ्यांत खुपतं. दावा लढू.

महानंदा म्हणाली, "बाई, एक सांगते. जमिनीसाठी आले असं समजू नका. अव्वानं मला मनातनं काढलं का, एवढं मला कळाय पायजे. काढलं असंल, तर त्याच दिवशी दावा मागं घेते आणि मळ्यातनं बाहेर पडते. मग त्यानं तिथं प्लॉट पाडू दे न्हाईतर डोंगर बांधू दे."

ध्यानात आलं, मंडळी? पणाला काय लागलं होतं? मळा नव्हे. आई!

कोर्ट भरलं. सगळी हिरेवाडी ट्रॅक्टर जोडून आली होती — फुकटचा तमाशा कोण सोडतं! श्रीशैलच्या वकिलांनी ऐटीत सांगितलं, "मृत्युपत्र करतानाचं चित्रीकरण आमच्याकडे आहे. माउली स्वतः बोलतेय. ह्याहून काय हवं?" आणि पडद्यावर चंद्राक्का दिसली.

महानंदानं कितीतरी काळानं जिवंत आई पाहिली.

मळ्यात खुर्ची. मागे वेली. म्हातारी ताठ बसलेली. आणि बोलू लागली — "मी चंद्राक्का कागवाडे. मी पूर्ण शुद्धीत आहे. मी कोणाच्याही दबावाखाली नाही..."

अहो, "दबावाखाली"! जन्मात तिनं हा शब्द उच्चारला नव्हता. ती म्हणायची, "मी कुणाच्या बापाला भीत न्हाई!" पण आवाज तिचाच होता. खणखणीत. पाठ केलेल्या धड्यासारखा, पण खणखणीत. "...माझी सर्व मिळकत माझा मुलगा श्रीशैल यास. मुलीला लग्नात यथाशक्ती दिलेले आहे. तिचा काही संबंध राहिलेला नाही."

तिचा काही संबंध राहिलेला नाही.

पेटी थांबवा जरा.

त्या लेकीला काय झालं असेल! तिला पुढं आईच्या तोंडाकडे बघवेना. मान खाली गेली. आणि मान खाली गेली म्हणून नजर पडद्याच्या खालच्या अंगाला गेली...

आणि महानंदा हसली!

भर कोर्टात! मोठ्यानं! न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय झालं? का हसता?"

महानंदा उभी राहिली. डोळ्यांतून पाणी, तोंडावर हसू. "बाईसाहेब, तोंड नका बघू. पाय बघा. माझ्या अव्वाचे पाय बघा!"

सगळ्यांनी पाहिलं. चंद्राक्कानं पाय पुढे लांबवले होते. जन्मभर टाचेपर्यंत लुगडं नेसणारी बाई, तिनं लुगडं घोट्याच्या वर ओढून धरलं होतं. मुद्दाम दिसावं असं! आणि पायांत होत्या चपला. पुण्यात घेतलेल्या, मऊ मऊ, निळ्या!

मळ्यात! चंद्राक्का! चपला घालून!

हिरेवाडीचा ट्रॅक्टरभर माणूस "अगं बाई!" म्हणाला. कोर्टात शांतता ठेवा म्हणून शिपायाला ओरडावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, श्रीशैलला दिसलं नाही? मळ्यात वाढलेला ना तो? हीच तर गंमत आहे! मळ्याचा माणूस आत आलेल्याचं तोंड नंतर बघतो, पाय आधी बघतो. श्रीशैल तर स्वतःच बूट घालून चित्रीकरण करत होता. ज्याचे स्वतःचे पाय मातीतून सुटले, त्याला दुसऱ्याच्या पायातलं पायताण कसं दिसणार?

त्याचे वकील उठले. "बाईसाहेब, चपलेचा काय संबंध? म्हातारं माणूस. विसरल्या असतील काढायला!"

कुमठेकर बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "विसरल्या? जन्मभराचा नेम विसरल्या? मग पूर्ण शुद्धीत होत्या हे कसं?"

"होत्याच शुद्धीत!"

"मग चपला घालून आत गेल्या कशा?"

वकील बसले. पुन्हा उठले. "पायाला खडे टोचत असतील." मागून एक म्हातारी ओरडली, "पानमळ्यात खडे? येऊन बघ की मेल्या, लोण्यावानी माती हाय!" तिला बाहेर काढलं, पण बोलून झालं होतं!

कोर्ट काही चपलेवर निकाल देत नाही, मंडळी. तुम्ही घरी जाऊन तसं सांगाल आणि माझं नाव घ्याल! पण चपलेनं एक काम केलं. साक्षीच्या पिंजऱ्यात बाळगोंडा काका उभे होते. पटका हातात. कुमठेकर बाईंनी विचारलं, "काका, त्या दिवशी मळ्याच्या तोंडाशी काय झालं?"

काका खाली बघू लागले.

"तुम्ही स्वतः पायताण काढलं होतं?"

"व्हय. म्हणजे काय! काळ्या दगडापाशी."

"आणि चंद्राक्कांनी?"

काकांनी पटका कुरवाळला. महानंदाकडे पाहिलं. "वहिनींना वाकता येत नव्हतं. म्हणून मी वाकलो, चपला काढाय. वहिनींनी पाय मागं घेतला. म्हटल्या, 'ऱ्हाऊ दे, बाळगोंडा. आज ऱ्हाऊ दे.' मला वाटलं दमल्या असतील. म्हाताऱ्या माणसानं पाय मागं घेतला, बाईसाहेब, आणि मी अक्कलशून्य, पुढं होऊन सही केली."

कळलं का? विसरली नव्हती! गोंधळली नव्हती! बोलायला लावलेलं ती बोलली. सही करायला लावली, केली. पण पाय मातीला लावले नाहीत! पायताण घालून बोललेलं खरं नव्हे, हा तिचा कायदा — तोच तिनं स्वतःवर चालवला. भोवती वकील, डॉक्टर, मुलगा. एक शब्द इकडचा तिकडे करायची सोय नाही. आणि त्या सगळ्यांच्या देखत, कॅमेऱ्यासमोर, तिनं आपल्या लेकीला निरोप पाठवला. सगळ्यांनी तोंड बघितलं, लेकीनं पाय बघितले!

आता घ्या ओवी. टाळ घ्या रे!

पाउल टेकले मातीला । तेव्हा जीभ झाली खरी ।
वहाण राहिली पायात । शब्द राहिला बाहेरी ॥

कोर्टाबाहेर बायका महानंदाभोवती जमल्या. काल टोमणे मारणाऱ्याच त्या! एकीनं पदर डोळ्याला लावला. "बिचारी चंद्राक्का गं! कसं फसवलं म्हातारीला!"

महानंदा अशी वळली म्हणता! "बिचारी म्हणायचं न्हाई! माझ्या अव्वाला कुणी फसवलं न्हाई. तिला कोंडलं, तिच्याकडनं बोलून घेतलं, सही घेतली. पण फसली न्हाई ती! शेवटपर्यंत न्हाई!"

काय ते तेज! मळा मिळेल का नाही, ठाऊक नव्हतं अजून. तारीख पुढची पडली होती. पण ती चालली अशी, जणू सगळी मिरज तिच्या नावावर झालीय. कारण जे विचारायला ती कोर्टाची पायरी चढली, त्याचं उत्तर तिला मिळालं होतं.

आणि श्रीशैल?

त्याच दिवशी, ऊन उतरताना, मळ्यापाशी गाडी थांबली. महानंदा आत पानं खुडत होती. श्रीशैल काळ्या दगडापाशी उभा राहिला. "ताई, मला बोलायचंय."

ही खुडत राहिली.

"ताई, ऐक की!"

"कोण बोलतंय?" महानंदा म्हणाली. "मला काय ऐकू येईना."

तो समजला. मुकाट्यानं दगडावर बसला. बुटाच्या नाड्या सुटता सुटेनात. बहीण मदतीला गेली नाही. पण थांबली. आई असती तर तीही थांबलीच असती. शेवटी तो अनवाणी आत आला. इतक्या वर्षांनी तळव्याला गार माती लागली. उभा राहिला. पायाच्या बोटांनी माती उकरली. पपई आठवतेय ना, मंडळी?

"मी तिला म्हटलं होतं, सही कर, मग ताईला भेटवतो," श्रीशैल म्हणाला. "तिनं केली. आणि मी न्हाई भेटवलं."

महानंदाच्या हातातलं पान खाली पडलं.

"आणि आधी एकदा तू पानं दिली होतीस. पहारेकऱ्यानं माझ्या माघारी वर पोचवली. मी घरी आलो तर अव्वा पानं मांडीवर घेऊन बसलेली. एक उचललं, देठ बघितला, वास घेतला. म्हटली, 'ही माझ्या मळ्यातली. महानंदानं खुडलेली.' मी म्हटलं, बाजारातनं आणलीत. माझ्याकडं नुसतं बघितलं तिनं. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई, ताई. त्या चित्रीकरणात बोलली तेवढंच."

पानं पोचली होती! म्हातारीला सगळं समजलं होतं. रोज जेवणानंतर मिळणारं ते औषध एका पानानं उतरवलं! त्यानंतर तिनं भांडण केलं नाही, रडली नाही. वाट बघत बसली, कधी मळ्यात नेतील आणि कधी पायात चपला ठेवून आत जाईन!

श्रीशैल रडत होता. महानंदानं त्याला उगी म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "पुढच्या तारखेला हेच बाईसाहेबांना सांगशील?"

"तिथं बूट घालावे लागत्यात."

"मग इथलं स्मरून सांग."

सांगितलं त्यानं. मृत्युपत्रावरचा दावा सोडला. आईचं जे होतं ते दोघांत अर्धं अर्धं झालं. आता तुम्हाला वाटत असेल, भाऊ आपला अर्धा मळाही बहिणीला देऊन टाकतो आणि दोघं गळ्यात गळा घालतात. मी खोटं का सांगू? अर्धा त्याचा त्याच्याकडेच आहे. रस्ता झालाय. प्लॉटवाले त्याच्याकडे येतात. वेल त्यानं अजून काढलेली नाही. अजून तरी नाही. पण दरवर्षी उतरणीला येतो. अनवाणी. बहीण वेल खाली उतरवते, तो माती सारतो. पाठ दुखते म्हणतो. दुखू दे!

तर मंडळी, आता सांगा. ती लेक चुकली? आईचा शब्द मोडला तिनं? का आईचा शब्द शोधून काढला, चिखलात पडलेली जोडवी शोधावी तसा?

हलल्या माना! पण मान हलवून सुटका नाही. आता तुमच्याकडे येते.

घरी म्हातारं माणूस आहे ना? आई, बाप, सासू, आजी? त्यांच्या पुढ्यात कधीतरी कागद ठेवाल. ठेवावा लागतोच, त्यात पाप नाही. पण त्या वेळी खोलीत कोण आहे ते बघा, आणि कोणाला दवाखान्याच्या बाकावर बसवून आलोय तेही बघा. ज्याच्या माघारी सही घ्यावीशी वाटते, त्यालाच आधी बोलवा! आणि बायांनो, तुम्ही! "माहेरचं कशाला मागायचं" म्हणून गप्प बसणं म्हणजे चांगुलपणा, असं कुणी शिकवलं? कधी कधी आई बोलू शकत नाही, आणि तिच्या वतीनं लेकीलाच उभं राहावं लागतं. ताठ. लाजायचं काय त्यात?

आणि शेवटचं. तुम्ही सगळे आत्ता अनवाणी बसलात. देवळात आलात, चपला बाहेर काढल्यात. कीर्तन संपलं की त्या घालाल — सापडल्या तर! — आणि घरी जाल. दारात पुन्हा काढाल. म्हातारं माणूस कोपऱ्यात असेल. तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा, जवळ बसा आणि आधी त्याच्या तोंडाकडे बघू नका. तोंड आपलं मन राखायला हसतं. पाय बघा. पाय मागे घेतलेत का, ते बघा.

आणि घेतले असले, तर सही मागू नका. माफी मागा.

चला, आता सगळे मिळून एकदा महादेवाचं नाव घेऊ या — पाय जमिनीला टेकवून, बरं का! मागचे मांडी घातलेले, तुम्हीसुद्धा! बोला — हर हर महादेव!